गेक चूच्या झोपेची व्यवस्था

परीक्षेच्या दालनात चारशे पोरांना नुसतं खाकरून गप्प करणारा सिआ हॉक चुआन वरच्या मजल्यावरच्या ड्रिलपुढे मात्र हरला होता, आणि ही गोष्ट त्याच्या मनाला फार लागली होती. एकतीस वर्षं त्याने परीक्षा मंडळात काढली. कुठल्या बाकाखाली कागद चुरगळला आणि कोणत्या रांगेत पोट गुरगुरलं, हे तो व्यासपीठावरून न उठता सांगायचा. शांतता हा आपला विषय आहे, असं तो मानत असे. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी मानत असे. घरात त्याचं म्हणणं कोणी खोडून काढत नव्हतं, कारण घरात बायकोशिवाय दुसरं कोणी नव्हतं, आणि गेक चू नवऱ्याशी वाद घालण्यापेक्षा भांडी घासणं पसंत करायची.

वरच्या घरात नवं बिऱ्हाड यायचं होतं. त्याआधी जुन्या फरशा उखडायचं काम तीन आठवडे चाललं होतं. सकाळी नऊला सुरू, संध्याकाळी पाचला बंद. गेक चू दुपारचं आटोपून जरा आडवी झाली, की नेमका तेव्हाच ड्रिलला जोर चढायचा. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली. एकदा तिने नवऱ्याच्या कॉफीत साखरेऐवजी मीठ घातलं. हॉक चुआनने ती कॉफी मुकाट्याने संपवली आणि बायकोच्या झोपेचा प्रश्न हाती घेतला.

प्रश्न हाती घेतला, म्हणजे पत्र लिहिलं. वस्तीच्या कार्यालयाला तीन पानी पत्र, शिवाय परिशिष्ट. परिशिष्टात ड्रिलच्या आवाजाची तारीखवार आणि मिनिटवार नोंद होती. चौथ्या दिवशी उत्तर आलं. आपल्या सविस्तर पत्राबद्दल आभारी आहोत, सदर काम नियमाने दिलेल्या वेळेतच चालू आहे. आता ज्याने जन्मभर दुसऱ्यांना नियम वाचून दाखवले त्याला कोणी नियम वाचून दाखवला, तर तो काय बोलणार? त्याने ते उत्तर फाइलला लावलं.

तेवढ्यात पर्थहून जावयाचा फोन आला. लेक जिया वेन आठवडाभर आधीच बाळंत झाली होती, मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. गेक चू लेकीचा बाळंतपणाचा महिना करायला जाणार आणि हॉक चुआन तिच्यासोबत, हे आधीच ठरलेलं होतं. तिळाच्या तेलातलं आलं घातलेलं चिकन, लाल खजुरांचा काढा, आणि रात्रभर बाळाला घेऊन बसणं, म्हणजे बाळंतिणीला झोप मिळते. हॉक चुआनने बोटांवर हिशेब मांडला. मागचे तीन आठवडे झोप नाही आणि पुढचे अठ्ठावीस दिवस झोप नाही. बासष्ट वर्षांची बाई, ती उभ्या उभ्या कोसळेल. पर्थला पोचायच्या आत हिची एक तरी झोप सलग झालीच पाहिजे, असं त्याने ठरवलं. आणि त्याच दिवशी बँकेच्या पत्रातून एक चकचकीत कागद निघाला. कार्ड असलेल्यांना वर्षातून एकदा, सोबत एका व्यक्तीसह, विमानतळावरच्या लाउंजमध्ये मोफत प्रवेश. खाली छापलं होतं: शांत आणि आरामदायी वातावरणात विसावा घ्या.

हा कागद घेऊन तो इमारतीखालच्या कॉफीच्या दुकानात गेला, ही त्याची पहिली चूक.

"लाउंज म्हणजे फुकट जेवण!" अंबलवाणन म्हणाला. चाळीस वर्षं बस चालवल्यामुळे तो कोणतीही गोष्ट शेवटच्या सीटपर्यंत ऐकू जाईल अशीच सांगायचा. "आदल्या दिवसापासून पोट रिकामं ठेव. भात घेऊ नकोस, भात घरी मिळतो."

"मला जेवायचं नाही रे. गेक चूला झोपवायचं आहे."

"झोपायला विमानतळावर? मग हे घर कशाला घेतलंस?"

"तू गप रे अंबल," शेजारच्या घरातली माकचिक, म्हणजे मावशी, रोकिया म्हणाली. तिच्या मामेबहिणीची सून विमानतळावर कामाला होती, त्यामुळे त्या विषयावर तिचा शब्द शेवटचा असे. "चुआन, नीट ऐक. सकाळी तिथे पाय ठेवायला जागा नसते. लोक सोफ्यावर पसरतात ते विमान सुटेपर्यंत उठत नाहीत. लवकर जा, कोपरा बघ आणि आधी जागा धर. टिश्यू घेऊन जा भरपूर."

"ते काय सांगायला हवं?" हॉक चुआन म्हणाला.

ते खरोखरच सांगायला नको होतं. सिंगापुरात हॉकर सेंटरला जेवायला गेलं, की माणूस आधी टेबल बघतो, त्यावर टिश्यूचं छोटं पाकीट ठेवतो आणि मग निवांत नूडल्सच्या रांगेत जाऊन उभा राहतो. पाकीट ठेवलं की टेबल त्याचं. भर दुपारी दोनशे भुकेली माणसं हातात ताटं घेऊन फिरत असतात, पण त्या पाकिटाला कोणी बोट लावत नाही. हा कायदा कुठेही लिहिलेला नाही, आणि तरी लिहिलेल्या कायद्यांपेक्षा तो जास्त पाळला जातो. हॉक चुआनने अकरा पाकिटं बरोबर घेतली.

विमान दुपारी एक वीसचं होतं. नऊच्या ड्रिलच्या आत घराबाहेर पडायचं म्हणून दोघं साडेसातलाच विमानतळावर हजर झाली. गेक चूच्या मोठ्या बॅगा रवाना झाल्या आणि हातात एक कापडी पिशवी उरली. तीत बाळंतिणीच्या काढ्याची वाळवलेली मुळं होती. ती सामानात टाकली तर मोडतील, असं तिचं म्हणणं होतं. पिशवीतून असा वास येत होता, की लिफ्टमध्ये एक गृहस्थ एक मजला आधीच उतरून गेले.

लाउंजच्या दाराशी चेरिल नावाची हसतमुख मुलगी बसली होती. तिने कार्ड यंत्रावर ठेवलं. यंत्र लाल झालं.

"अंकल, विमानाच्या तीन तास आधीपासूनच प्रवेश असतो. तुम्ही दहा वीसला या."

"तसं कागदावर नाही."

चेरिलने कागद उलटा केला. मागच्या बाजूला, सातव्या कलमात, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत ते होतं. ज्याने एकतीस वर्षं मुलांना 'प्रश्नपत्रिकेची मागची बाजूही वाचा' असं बजावलं, त्या माणसाला आता कोणी तरी मागची बाजू वाचून दाखवत होतं. गेक चूने दुसरीकडे बघितलं, आणि हॉक चुआनला बायकोचा हा एक गुण नेहमीच आवडायचा.

पुढचे अडीच तास दोघं बाहेरच्या लोखंडी बाकावर बसली. फरशी पुसायचं एक यंत्र त्यांच्याभोवती घरघरत फेऱ्या मारत होतं. गेक चूने दोनदा मान टाकली आणि दोनदा दचकून वर केली.

"थोडा धीर धर," हॉक चुआन म्हणाला. "आत गेलं की शांतताच शांतता."

"मी कुठे काय म्हणाले?" ती म्हणाली.

दहा वीसला यंत्र पुन्हा लाल झालं. या वेळी फोनवर आलेला आकडा हवा होता. तो आकडा ज्या फोनवर आला तो हॉक चुआनचा जुना फोन होता, आणि जुना फोन घरी टेबलाच्या खणात होता. मग बँकेला फोन झाला, आईचं माहेरचं नाव विचारून झालं, पाळीव प्राण्याचं नाव विचारून झालं. आपण पाळीव प्राणी कधीच ठेवला नाही, हे त्याने चारचौघांत तीनदा मोठ्याने सांगितलं. शेवटी मागून गेक चू म्हणाली, "'मिठू' सांग. जिया वेनचं कासव होतं ना." तेव्हा कुठे यंत्र हिरवं झालं.

आत शांतता सोडून सगळं होतं. एक पोर फोनवर बदकाचं गाणं लावून बदकाबरोबर गात होतं. एक टाय लावलेले गृहस्थ कानात काही तरी खुपसून हवेशी भांडत होते, आणि भांडणाचा विषय कोणा केविनने पाठवलेला तक्ता हा होता. कॉफीचं यंत्र दाणे दळताना हुबेहूब वरच्या मजल्यावरच्या ड्रिलसारखा आवाज काढत होतं. तो ऐकून गेक चूचा चेहरा असा झाला, की हॉक चुआनने तिला घाईघाईने लाक्साच्या, म्हणजे नारळाच्या रश्शातल्या नूडल्सच्या, काउंटरकडे पाठवलं.

"तू खाऊन घे काही तरी. मी जागा बघतो."

मग तो पाहणीला निघाला. हात मागे बांधून, बेतानं पावलं टाकत, ओळीओळीतून. जुनी सवय. एका बाईंनी उगाचच आपली पर्स पायाखाली ओढून घेतली. आणि सगळ्यात आतल्या टोकाला, काचेचं दार लोटल्यावर, त्याला ते सापडलं. दारावर लिहिलं होतं, शांत कक्ष. आत मंद दिवे होते, पाय लांब करायच्या बारा खुर्च्या होत्या, आणि खिडकीशी जोडून दोन मोकळ्या होत्या. हॉक चुआनला क्षणभर भरून आलं. त्याने दोन्ही खुर्च्यांच्या बरोबर मधोमध एकेक टिश्यूचं पाकीट ठेवलं, दोन पावलं मागे सरून पाहिलं, डावीकडचं जरा सरळ केलं, आणि बायकोला आणायला गेला.

पाच मिनिटांत दोघं परत आली. उजव्या खुर्चीत उन्हाने लालबुंद झालेला एक आडदांड गोरा माणूस बूट काढून पहुडला होता आणि हॉक चुआनच्या टिश्यूत मनापासून नाक शिंकरत होता. डाव्या खुर्चीत त्याची बायको दुसऱ्या पाकिटातल्या टिश्यूने चष्मा पुसत होती.

हॉक चुआन जागच्या जागी उभा राहिला. त्याने आयुष्यात कॉपी करणारे पाहिले होते, बाहीत कागद लपवणारे पाहिले होते, एकदा तर स्वतःच्या जागी जुळ्या भावाला पाठवणाराही पाहिला होता. पण असं काही त्याने पाहिलं नव्हतं.

"माफ करा," तो म्हणाला, "ह्या जागा आमच्या आहेत."

"हो का?" माणूस भला होता, तो अर्धा उठलासुद्धा. "इथे कोणी नव्हतं हो."

"टिश्यू होते."

"हो, फार छान व्यवस्था आहे इथली!" बाई म्हणाली. "आमच्याकडे नाही ठेवत असे खुर्चीवर."

हॉक चुआनने त्यांना समजावलं. टिश्यू म्हणजे टिश्यू नव्हे, टिश्यू म्हणजे माणूस. पाकीट ठेवलं की समजायचं, तिथे कोणी तरी बसलेलं आहे, फक्त ते सध्या दिसत नाही. तो माणूस नाकाला टिश्यू धरून फार लक्षपूर्वक ऐकत होता.

"हे कुठे लिहिलेलं आहे का?" त्याने शेवटी विचारलं. चिडून नव्हे, खरंच माहिती हवी म्हणून.

हॉक चुआनने आवाज चढवून पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं. शांत कक्षातल्या दहा जणांनी एकदम "शूऽ" केलं. चारशे पोरांना गप्प करणाऱ्या माणसाला दहा अनोळखी माणसं गप्प करत होती. गेक चूने त्याची बाही धरून त्याला बाहेर आणलं.

तो तडक चेरिलकडे गेला. चेरिलने सगळं ऐकलं आणि तिचेही डोळे मोठे झाले.

"नाक शिंकरलं? पाकीट फोडून?"

"माझ्या डोळ्यांदेखत."

"अंकल, तुमचंच बरोबर आहे. हॉकर सेंटर असतं तर मी स्वतः भांडले असते. पण आमच्या नियमांत टिश्यू नाही हो. इथे जो बसला त्याची जागा."

झालं. पण परीक्षा मंडळाचा माणूस एका पेपरात नापास झाला म्हणून शाळा सोडत नाही. वर्तमानपत्रांच्या मांडणीमागे त्याला आणखी दोन खुर्च्या दिसल्या, जरा उजेडातल्या, पण बदकापासून लांब. आता टिश्यूवर भरवसा नव्हता. परदेशी माणसाला कळेल असं काही तरी वजनदार ठेवायला हवं होतं. गेक चू प्रसाधनगृहात गेली होती आणि तिची कापडी पिशवी त्याच्याच हातात होती. तिचा वास असा, की कोणी तिच्या जवळपास बसणं शक्य नव्हतं. त्याने ती एका खुर्चीवर ठेवली, दुसरीवर स्वतःची छत्री आडवी टाकली, स्वतःच्या हुशारीवर खूश झाला, आणि बायकोसाठी पांघरूण मागायला गेला.

पांघरूण मिळायला अर्ज भरावा लागत होता. तो त्याने भरला. परत फिरतो तर वर्तमानपत्रांच्या मांडणीपाशी पिवळी फीत लागलेली, चाळीसेक माणसं दाराकडे हाकलली जात आहेत, आणि दोन गणवेशधारी अधिकारी हॉक चुआनच्या छत्रीकडे वाकून बघत आहेत. ध्वनिक्षेपकावरून एक गोड आवाज सांगत होता, की एक बेवारस पिशवी आढळली आहे, उग्र वास येत आहे, प्रवाशांनी घाबरून जाऊ नये.

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. केविनवाले गृहस्थ गप्प झाले होते. बदक बंद पडलं होतं. कॉफीचं यंत्रही कोणी तरी थांबवलं होतं. ज्या शांततेसाठी हॉक चुआन सकाळपासून वणवण करत होता ती शांतता आता त्या दोन खुर्च्यांभोवती भरून राहिली होती, फक्त तिथे जायला बंदी होती.

गर्दीच्या पलीकडच्या टोकाला गेक चू उभी होती. तिने पिशवी पाहिली, छत्री पाहिली आणि मग सावकाश नवऱ्याकडे पाहिलं.

हॉक चुआनने पांघरूण छातीशी धरून हात वर केला. "ती माझी आहे," तो म्हणाला. एकतीस वर्षांच्या नोकरीत इतक्या बारीक आवाजात त्याला कोणी बोलताना ऐकलं नव्हतं.

फैझल नावाच्या अधिकाऱ्याने त्याला बाजूला बसवून पिशवी उघडायला लावली. वाळकी मुळं निघाली, लाल खजूर निघाले, गेक चूची उशीची खोळ निघाली आणि टिश्यूची नऊ पाकिटं निघाली. अधिकाऱ्याने एक मूळ हुंगलं आणि डोळे पुसले.

"कोणाचं बाळंतपण?"

"लेकीचं. पर्थला."

"अभिनंदन. आता अर्ज." त्याने कागद पुढे केला. "पिशवी सोडून जाण्याचं कारण लिहा."

हॉक चुआनने सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'जागा धरण्यासाठी.' अधिकारी फैझलने ते वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

"अंकल, एवढं मोठं रामायण! मग टिश्यू ठेवायचा ना!"

"ठेवला होता."

"मग?"

"त्याने नाक शिंकरलं."

अधिकाऱ्याने पेन पुन्हा उचललं. मग त्याने अर्जावर शिक्का मारला, 'ताकीद देऊन सोडले' असं लिहिलं, आणि जाताना हॉक चुआनच्या खांद्यावर हात ठेवून गेला. त्या दिवसातला तो एकच माणूस, ज्याला पूर्ण प्रकरण कळलं.

एवढ्या गोंधळात अनेक माणसं आपापल्या विमानांकडे निघून गेली होती. शांत कक्षातलं लाल नाकाचं जोडपंही गेलं होतं. खिडकीशी त्याच दोन खुर्च्या पुन्हा मोकळ्या होत्या, आणि चेरिलने दोघांना हाताला धरून तिथे नेऊन बसवलं. "अंकल, आता कुठे उठू नका हं," ती म्हणाली, जरा जास्तच काळजीने.

हॉक चुआनने बायकोच्या पायांवर पांघरूण घातलं. साडेअकरा वाजले होते. अजून तासाहून अधिक वेळ होता.

"झोप आता," तो कुजबुजला. "मी जागा आहे. कोणी चूं केलं तरी बघून घेतो."

गेक चूने त्याच्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. त्याने हाताची घडी घातली आणि दाराकडे डोळे लावून पहारा सुरू केला. मनाला फार बरं वाटत होतं. बदनामी झाली होती, लेखी ताकीद मिळाली होती, पण बायकोला शांत जागा मिळाली होती. पुरुषाने आणखी काय करायचं असतं?

कोणी तरी खांदा हलवत होतं. चेरिल होती, चेहरा पडलेला.

"अंकल, सॉरी हं. तक्रार आली आहे. आवाजाची."

हॉक चुआन ताडकन उठला. हेच काम तर त्याला येत होतं. "कोण आहे तो? मला नुसता दाखव, मी बघतो त्याच्याकडे."

त्याने कक्षावर नजर फिरवली. दहाच्या दहा माणसं जागी होती, ताठ बसलेली होती आणि त्याच्याकडे बघत होती. दोघांनी कान उशीत गुंडाळले होते. त्याने मागे वळून पाहिलं. शेजारच्या खुर्चीत गेक चू पांघरूण गुडघ्यांवर घेऊन बसली होती, डोळे टक्क उघडे.

"मी?" तो म्हणाला.

"दोन मिनिटांत लागली तुला," ती म्हणाली. "नेहमी तीन लागतात. आज दमला होतास ना."

चेरिल हळूच बाहेर निघून गेली.

"नेहमी? म्हणजे रोज?"

"चुआन, ड्रिल पाचला बंद होतं," गेक चू म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच त्याला ते जास्त लागलं. "रात्री झोप झाली असती तर मी दुपारी आडवी कशाला झाले असते? दुपार तेवढी माझी होती. तू खाली कॉफी प्यायला जातोस ना, तेवढी. ती त्या ड्रिलवाल्यांनी घेतली एवढंच."

"चौतीस वर्षं?"

"चौतीस."

"मग सांगायचं नाही का कधी?"

"सांगितलं होतं की. लग्नानंतर दुसऱ्या आठवड्यात. तू म्हणालास, सिआ घराण्यात कोणी घोरत नाही, आणि तीन दिवस जेवला नाहीस. मग मी म्हटलं, नवरा उपाशी राहण्यापेक्षा मी जागी राहिलेली बरी."

हॉक चुआनला ते तीन दिवस आठवले. तेव्हा त्याला वाटलं होतं, आपण बाणेदारपणा दाखवला. आता त्याला फार लाज वाटली, इतकी की ती कुठे ठेवावी कळेना. तीन पानी पत्र, परिशिष्ट, मिनिटवार नोंदी. एवढं सगळं त्याने आठ तासांच्या आवाजावर लिहिलं, आणि उरलेल्या सोळा तासांतला आवाज तो स्वतः होता.

"आणि आता पुढचा महिनाभर तू बाळ घेऊन जागणार," तो कसाबसा म्हणाला. "तुझं कसं व्हायचं?"

गेक चू हसली. सकाळपासून पहिल्यांदाच.

"वेडा आहेस का? जिया वेनच्या घरात बाळाची खोली वेगळी आहे. मी तिकडे बाळापाशी झोपणार, तू जावयाच्या अभ्यासिकेत. कधीपासून ह्या महिन्याची वाट बघतेय मी. बाळ काय, रात्रीत चारदा रडतं रे. मध्ये थांबतं तरी."

हॉक चुआन उठला, तिचं पांघरूण नीट केलं आणि कक्षाबाहेर पडला. बाहेर बसला असता तर डोळा लागला असता, म्हणून तो कॉफीच्या यंत्राशेजारी उभा राहिला. किटलीतल्या आयत्या काळ्या कॉफीचे एकामागून एक तीन पेले त्याने संपवले, आणि यंत्राजवळ कोणी आलं की तो अदबीने पुढे होऊन, 'जरा वेळाने चालेल का' असं विचारत होता. काही लोकांना तो तिथला नोकर वाटला. त्याची हरकत नव्हती. काचेतून त्याला बायकोचं डोकं एका बाजूला कललेलं दिसत होतं, तोंड जरासं उघडं, आणि ती गाढ झोपली होती. पाऊण तास तो तसाच उभा होता.

विमानाच्या दाराशी त्याने गेक चूला रांगेत पुढे उभं केलं आणि स्वतः काउंटरवरच्या मुलीकडे गेला.

"मला दुसरी जागा मिळेल का? बायकोपासून लांब."

मुलीने संगणकात पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. "अंकल, भांडण झालंय का?"

"नाही, नाही. तिला झोप लागावी म्हणून."

"सगळ्यात मागे आहे एक. शौचालयाला लागून. खुर्ची मागे कलत नाही त्या रांगेत."

"तीच द्या," तो म्हणाला. नाही तरी त्याला कलायचं नव्हतंच.

पाच तासांच्या त्या प्रवासात गेक चू उड्डाणाच्या आधी झोपली आणि चाकं टेकल्यावर उठली, जेवणसुद्धा तिने घेतलं नाही. हॉक चुआन पाच तास ताठ बसून राहिला. डोळे मिटायला लागले, की तो उठून दाराला टेकायचा आणि रांगेतल्या लोकांना, आपण रांगेत नाही, असं सांगायचा. पर्थला उतरताना त्याचे डोळे त्या गोऱ्याच्या नाकासारखे लाल झाले होते आणि मान एका बाजूला धरली होती.

जावई डेस्मंड घ्यायला आला होता. हा जावई डॉक्टर होता, आणि त्याच्यासमोर हॉक चुआन नेहमी जरा छाती काढूनच चालायचा. आज छाती निघेना.

"मा, काय छान दिसताय! दहा वर्षं लहान!" डेस्मंड म्हणाला. मग त्याने सासऱ्याकडे पाहिलं आणि हातातली बॅग खाली ठेवली. "पा, तुम्हाला काय झालं? डोळे बघा कसे झालेत!"

हॉक चुआनने तोंड उघडलं. आता खरं सांगून टाकावं, असं त्याला मनापासून वाटलं. चौतीस वर्षांनी का होईना. पण गेक चूने तेवढ्यात त्याच्या हातातून कापडी पिशवी काढून घेतली.

"अरे, काही नाही," ती जावयाला म्हणाली. "ह्याच्या शेजारी कोणी तरी आला होता. एवढा घोरत होता, एवढा घोरत होता, की बिचाऱ्याला डोळ्याला डोळा लावू दिला नाही."

हॉक चुआनने बायकोकडे पाहिलं. ती सरळ समोर बघत चालत होती.

"खरंच फार घोरत होता," तो म्हणाला. "आणि त्याला सांगणार तरी कोण? सांगितलं असतं तर जेवला नसता."